लिंग काढण्याचं ऑपरेशन: का करतात, कसं करतात आणि नंतर काय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

२०१९ ला माझ्या बाबांचं हे ऑपरेशन झालं. आम्ही ठाण्याला कोपरीत राहतो, बाबा वागळे इस्टेटला एका कारखान्यात लेथवर होते, रिटायर होऊन तीनच वर्षं झाली होती. तेव्हा मराठीत वाचायला नीट काही सापडलं नव्हतं, जे मिळालं त्यात निम्मं घाबरवणारं आणि निम्मं पुड्या विकणारं. त्यानंतर मात्र ओळखीतून फोन यायला लागले, कळव्यातून, ऐरोलीतून, एकदा तर पनवेलच्या पुढून. पेशंट स्वतः जवळजवळ कधीच फोन करत नाही, बायको करते नाहीतर मुलगा, आणि आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागतं. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. पण जे लिहिलंय ते डॉक्टरांना विचारून, समजून घेऊन आणि घरात बघून लिहिलंय.

लिंग काढतात म्हणजे नक्की काय काढतात?

डॉक्टर ह्याला पेनेक्टॉमी म्हणतात आणि त्याचे दोन मुख्य प्रकार. पार्शल म्हणजे पुढचा खराब झालेला भाग काढायचा आणि मागचा ठेवायचा. टोटल म्हणजे सगळं काढायचं, मग लघवीची नळी वळवून खाली, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार ह्यांच्या मधल्या जागेत नवीन तोंड करून देतात. दोन्हीत अंडकोश (गोट्या) शक्यतो तसेच ठेवतात, त्यांना हात लावायचं कारण नसतं जोपर्यंत आजार तिथपर्यंत गेलेला नाही. हे पहिल्यांदाच सांगतोय कारण नव्वद टक्के लोकांच्या डोक्यात "सगळं खालचं काढणार" असंच असतं, आमच्या आईच्या पण होतं.

असं ऑपरेशन करायची वेळ येतेच का?

सगळ्यात मोठं कारण कॅन्सर. बाकीची कारणं कमी पण आहेत: मशीनमधला किंवा भाजण्याचा मोठा अपघात, विजेचा झटका, रक्तपुरवठा बंद पडून भाग काळा पडणं (ह्याला गँगरीन म्हणतात), कधी लघवीच्या नळीचाच कॅन्सर. डायलिसिसवर असलेल्या, खूप वर्षांचा डायबिटीस असलेल्या काही पेशंटांच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम साचून टोक काळं पडतं आणि भयंकर दुखतं, त्यात कापायचं की नुसती जखम सांभाळायची हा निर्णय डॉक्टरांनाही सोपा नसतो कारण कापलेली जागा पण लवकर भरत नाही. डायबिटीसवाल्यांना फोर्नियर गँगरीन नावाचा आजार होतो, अंडकोशाची कातडी झपाट्याने सडत जाते, बघून लोक घाबरतात की आता सगळंच गेलं, पण लिंगाच्या आतल्या भागाचा आणि गोट्यांचा रक्तपुरवठा वेगळा असल्यामुळे ते बहुतेक वेळा वाचतं. फक्त तिथे तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही.

ट्रान्स स्त्रियांच्या (जन्मानं पुरुष ठरवलेल्या, पण स्वतः स्त्री असणाऱ्या) ऑपरेशनबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

लिंगाला पण कॅन्सर होतो?

होतो. युरोप-अमेरिकेत तो खूप कमी दिसतो, लाखात एकापेक्षाही कमी पुरुषांना. आपल्याकडे, ब्राझीलमध्ये आणि आफ्रिकेच्या काही भागात जास्त. बहुतेक पन्नाशी-साठीतल्या पुरुषांना होतो, पण तरुणांना होतच नाही असं नाही. शंभरातले जवळजवळ पंच्याण्णव कॅन्सर हे कातडीच्या वरच्या थरातून सुरू होतात, ज्याला स्क्वॅमस सेल म्हणतात, तोंडाच्या कॅन्सरमध्ये पण हाच प्रकार असतो.

कशामुळे होतो ह्याची उत्तरं बऱ्यापैकी माहीत आहेत. पुढची चामडी मागे न जाणं (फायमोसिस) हे मोठं कारण, कारण आत मळ साचतो, सतत सूज राहते आणि मुख्य म्हणजे आत काय चाललंय ते दिसतच नाही. दुसरं एचपीव्ही व्हायरस, त्यातही टाईप १६ आणि १८, ज्यानं बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो तोच. तिसरं तंबाखू. विडी-सिगरेट तर आहेच, पण मळून खाल्लेली पण. लोकांना वाटतं तंबाखूचा आणि तिथला काय संबंध, पण तंबाखूतलं विष रक्तातून सगळीकडे फिरतं. चौथं एक पांढरे चट्टे पडून कातडी कडक होण्याचा आजार असतो, लायकेन स्क्लेरोसस, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. एचआयव्ही असेल तर धोका वाढतो. लहानपणी सुंता झालेल्यांमध्ये हा कॅन्सर फारच कमी दिसतो, मोठेपणी सुंता केली तर तेवढा फायदा होत नाही.

सुरुवातीला कसं दिसतं? दुखतं का?

नाही दुखत, आणि सगळा घोळ तिथेच आहे. टोकावर किंवा चामडीच्या आतून एखादा लालसर चट्टा, छोटी गाठ, चामखिळीसारखं काहीतरी, न भरणारी जखम. चामडी मागे जात नसेल तर आतून कडक लागतं, घाण वास येतो, पिवळं किंवा रक्ताळलेलं पाणी येतं. एरवी मागे जाणारी चामडी चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक मागे जायची बंद झाली तर ते दाखवायलाच हवं, डायबिटीसमुळे पण असं होतं म्हणजे साखर पण तपासली जाते.

बाबांचं कसं कळलं ते सांगतो. आई सांगते की काही महिने बाबा सकाळी पाचला उठून मोरीत स्वतःची अंडरपँट स्वतः धुवायचे. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. आईला वाटलं रिटायर झालेत, वेळ जात नाही म्हणून करत असतील. एक दिवस दोरीवर वाळत घातलेल्या पँटवर तिला तपकिरी डाग दिसला, न निघालेला, साबण घासून घासून कापड तिथे विरलं होतं. तिनं विचारलं तर बाबा म्हणाले मूळव्याध आहे. अजून दोन महिने असेच गेले. मग वास लपेना.

आणि ते डॉक्टरकडे गेलेच नव्हते असं पण नाही. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं की खाली खाज येते, जखम आहे. त्यांनी न बघता मलम लिहून दिलं, मग दुसरं मलम, मग तिसरं, आठ महिने. बाबांनी पँट खाली केली नाही आणि डॉक्टरांनी करायला सांगितली नाही. मला अजून त्याचा त्रास होतो कारण आठ महिन्यांपूर्वी कदाचित नुसती सुंता करून भागलं असतं.

मग दाखवायचं कोणाला?

युरोलॉजिस्टला किंवा जनरल सर्जनला. स्किनवाले डॉक्टर पण चालतील, अट एकच की त्यांनी दिवा लावून, हातमोजे घालून नीट बघितलं पाहिजे आणि जांघा दाबून बघितल्या पाहिजेत. न बघता औषध लिहिलं तर उठून दुसरीकडे जा. लोकलच्या डब्यात गुप्तरोगाचे जे कागद चिकटवलेले असतात तिथे अजिबात जाऊ नका, हे हात जोडून सांगतोय, महिने तिथेच वाया जातात. मेडिकलवर मिळणारी तीन औषधं एकत्र असलेली खाजेची मलमं पण स्वतःच्या मनानं लावू नका, त्यातल्या स्टेरॉईडनं वरची लाली जाते आणि आतलं तसंच वाढत राहतं. तीन-चार आठवड्यांत जखम भरली नाही तर तुकडा तपासायला द्यायचा, म्हणजे बायोप्सी. बायोप्सीनं कॅन्सर पसरतो हे खोटं आहे. बायोप्सीशिवाय कोणी लिंग कापायचं म्हणत असेल तर थांबा आणि दुसरं मत घ्या.

प्रत्येक वेळी लिंग काढावंच लागतं का?

नाही! आणि हे जितक्या लोकांपर्यंत जाईल तितकं बरं. आजार अगदी वरच्या थरात असेल तर लावायचं औषध (फाईव्ह-एफयू किंवा इमिक्विमोड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली) किंवा लेझर. फक्त चामडीवर असेल तर सुंता करून तो भाग निघून जातो. टोकावरच असेल तर फक्त टोक किंवा टोकाची वरची कातडी काढून मांडीची कातडी लावतात. छोट्या गाठींना काही ठिकाणी आत सुया ठेवून रेडिएशन देतात, ब्रॅकीथेरपी. मग पार्शल. आणि आजार आतल्या मोठ्या भागात, मुळापर्यंत गेला असेल तेव्हाच टोटल.

पूर्वी गाठीच्या मागे दोन सेंटिमीटर चांगला भाग पण कापायचे, म्हणजे छोट्या गाठीसाठी पण बरंच जायचं. आता कळलंय की काही मिलिमीटर चांगला भाग मिळाला तरी पुरतं, म्हणून आता जास्त वाचवता येतं. किती खोल गेलंय ते बघायला एमआरआय करतात. तुमच्या पेशंटला थेट टोटल सांगितलं असेल तर शांतपणे विचारा, "डॉक्टर, पार्शलमध्ये का नाही होणार?" चांगला डॉक्टर रागावत नाही, कागदावर चित्र काढून दाखवतो. आम्हाला दाखवलं होतं, तो कागद अजून फाईलमध्ये आहे, त्यावर पेनानं एक आडवी रेघ आहे आणि बाबांनी त्या रेघेकडे बघत बघत सही केली होती. त्यांचं पार्शल झालं.

जांघेत गाठ आहे, त्याचं काय?

आपल्याकडे गावाला ह्याला अवधाण आलं म्हणतात आणि चुना-बिबा लावतात. ह्या कॅन्सरमध्ये पेशंट जगणार की नाही हे लिंगापेक्षा जांघेतल्या गाठींवर जास्त ठरतं. आजार तिथूनच पुढे जातो, आधी जांघ, मग ओटीपोटातल्या गाठी, मग बाकी शरीर. गाठींमध्ये गेला नसेल तर दहातले आठ-नऊ जण पाच वर्षांनंतरही व्यवस्थित असतात. ओटीपोटापर्यंत गेला तर गणित फार बदलतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हाताला गाठ लागली म्हणजे कॅन्सर पसरलाच असं नाही, जखमेतल्या इन्फेक्शननं पण गाठी येतात, म्हणून सुई घालून तपासतात. आणि उलट, हाताला काहीच लागत नसलं तरी दर चार-पाच पेशंटांमागे एकाला आत बारीक कण गेलेले सापडतात. म्हणून लिंगावरची गाठ जास्त धोक्याची असेल तर डॉक्टर जांघेतलं पण ऑपरेशन सुचवतात, किंवा औषध टोचून पहिली गाठ कुठली ते शोधून तेवढीच काढून बघतात (सेंटिनल नोड). लोक काय करतात, "लिंगाचं झालं ना, आता परत कापाकापी नको" म्हणून दुसरं ऑपरेशन टाळतात. टाळू नका. हे जांघेचं ऑपरेशन खरं सांगायचं तर लिंगाच्या ऑपरेशनपेक्षा जास्त त्रासाचं आहे, पाणी साचतं, टाके उसवतात, पायाला सूज राहते, बाबांना अजूनही उजव्या पायात लांब मोजा घालावा लागतो. तरी करा. गाठी मोठ्या असतील तर आधी केमो देतात, मग ऑपरेशन.

ऑपरेशन किती मोठं असतं? किती दिवस ॲडमिट?

नुसतं लिंगाचं असेल तर एक-दोन तास, कमरेत सुई देऊन पण होतं. चार-पाच दिवसांत घरी. लघवीला कॅथेटर (लघवी बॅगेत नेणारी नळी) असतो, पार्शलला थोडे दिवस, टोटलला जास्त, साधारण एक-दोन आठवडे. बॅग कमरेच्या खाली ठेवायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही, बॅग पाऊण भरली की रिकामी करायची. दुखणं लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं. नसलेल्या भागात खाज किंवा टोचल्यासारखं वाटू शकतं, हात कापलेल्यांना वाटतं तसंच, त्याला वेड लागलं समजू नका.

लघवी कशी होते मग?

पार्शलनंतर मागे अडीच-तीन सेंटिमीटर राहिलं तरी उभं राहून होते, फक्त सुरुवातीला धार फाकते, पायावर उडते. टोटल असेल तर बसूनच. कंट्रोल जात नाही, हे महत्त्वाचं, कारण लघवी धरणारा स्नायू आत वेगळा असतो. आयुष्यभर बॅग लावायची गरज नाही.

पण बसूनच म्हणजे काय ते ठाणे-मुंबईत राहणाऱ्यालाच कळेल. स्टेशनवर पुरुषांच्या मुताऱ्या सगळ्या उभ्याच्या, संडास एखादा आणि त्याची कडी तुटलेली. नेरुळच्या एका काकांना टोटल झालंय, त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली: घरातून निघताना जायचं, सोबत पाण्याची छोटी बाटली आणि टिश्यू, आणि ज्या मॉलमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये चांगले संडास आहेत ते रस्त्यात पाठ करून ठेवायचे. घरी इंडियन असेल तर पुढे वाकून बसलं की नीट होते, कमोडवर अंडकोश हातानं जरा वर उचलून धरायचे नाहीतर ओले होतात आणि कातडी खराब होते. चाळीत सामायिक संडास असेल तर रात्रीसाठी घरात पॉट ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

धार बारीक व्हायला लागली, जोर करावा लागला तर लगेच दाखवा, नवीन तोंड आकसतं कधीकधी, छोट्या प्रोसिजरनं मोकळं करून देतात.

शरीरसंबंध जमतात का?

पार्शलमध्ये बऱ्याच जणांना जमतात. उरलेल्या भागात ताठरता येते, सुख मिळतं, वीर्य पण येतं. लांबी कमी असते त्यामुळे पद्धत बदलावी लागते. टोटलमध्ये आत जाणारा संबंध होत नाही, पण अंडकोश, प्रोस्टेट जागेवर असतात त्यामुळे इच्छा राहते, आणि आसपासच्या जागेला स्पर्श करून काही जणांना समाधान पण मिळतं, वीर्य खालच्या तोंडातून येतं.

हा प्रश्न डॉक्टरांसमोर जोडपं विचारत नाही. साठीच्या माणसानं विचारणं म्हणजे आपल्याकडे पाप. डॉक्टर पण वय बघून गप्प बसतात. ऑपरेशनच्या आधी विचारा, दोघांनी मिळून विचारा, कारण नंतर दोघं एकाच खोलीत वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून झोपायला लागतात, हे मी दोन घरांत बघितलंय.

मूल होऊ शकतं का?

अंडकोशात शुक्राणू तयार होतच राहतात. संबंधानं जमलं नाही तर वीर्य घेऊन आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करता येतं. तरुण पेशंटला केमो लागणार असेल तर केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवा, नंतर उशीर होतो.

आवाज बायकी होतो, दाढी जाते, खरं का?

नाही. पुरुषाचं हार्मोन अंडकोशात बनतं, लिंगात नाही. अंडकोश आहेत तोवर दाढी, आवाज, ताकद सगळं तसंच.

मनाचं मात्र वेगळं आहे. बाबा तीन महिने आरशासमोर उभे राहिले नाहीत, लग्नकार्याला आले नाहीत, सोसायटीच्या कट्ट्यावर जायचं बंद केलं. "आता मी कशाला बाप म्हणवून घेऊ" असं एकदाच बोलले, मला तेव्हा काहीच उत्तर सुचलं नाही, मी त्यांचा मोजा चढवत होतो तो चढवत राहिलो. झोप उडणं, जेवण तुटणं, "मला कशाला वाचवलं" असलं बोलणं दिसलं तर मानसोपचारवाल्यांना दाखवा, कॅन्सर हॉस्पिटलात ही माणसं असतात, मेडिकल सोशल वर्कर पण असतात, नुसतं मागायचं असतं. माझ्या मते हे औषधाइतकंच गरजेचं आहे आणि आम्ही ते उशिरा केलं.

बायकोला हा कॅन्सर लागतो का?

कॅन्सर लागत नाही. एचपीव्ही व्हायरस मात्र संबंधातून जातो, म्हणून पेशंटच्या बायकोनं पॅप टेस्ट (गर्भाशयाच्या मुखाची तपासणी) किंवा एचपीव्ही टेस्ट करून घ्यावी. एचपीव्ही खूप लोकांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो, त्यामुळे कोणाच्या चारित्र्यावर बोट दाखवायचं काम नाही. ह्यावरून भांडणं झालेली मला माहीत आहेत, ऑपरेशन राहिलं बाजूला.

अपघातात कापलं गेलं तर जोडता येतं का?

येतं, वेळेत पोचलात तर. १९७० च्या दशकात मायक्रोसर्जरी आल्यापासून बारीक रक्तवाहिन्या आणि नसा जोडायला लागले. त्याच काळात थायलंडमध्ये चिडलेल्या बायकांनी नवऱ्यांची लिंगं कापल्याच्या बऱ्याच केसेस झाल्या होत्या आणि तिथल्या सर्जननी जोडण्याचा अनुभव लिहून ठेवला.

काय करायचं: जखमेवर स्वच्छ कपडा जोरात दाबून धरा. तुटलेला भाग सलाईननं ओल्या केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. भाग थेट बर्फाला लावू नका, जळतो. १०८ ला फोन करा आणि जिथे प्लास्टिक सर्जन आणि युरोलॉजिस्ट दोघं आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलला न्या. स्वतःच स्वतःचं कापलेलं असेल तर तो बहुतेक मोठा मानसिक आजार असतो, जोडण्यासोबत तो उपचार पण सुरू करावा लागतो.

अंगठी, पाईप, रबर असं काही अडकलं असेल तर रात्रभर वाट बघू नका, रक्त अडून भाग मरतो. तान्ह्या बाळाला पण आईच्या डोक्याचा केस गुंडाळला जाऊन असं होतं, बाळ कारण नसताना रडत असेल तर लंगोट काढून एकदा बघा.

दुसऱ्यानं जबरदस्तीनं कापणं हा गंभीर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतींची जी यादी आहे तिची सुरुवातच पुरुषत्व नष्ट करण्यापासून होते.

ट्रान्स स्त्रियांचं ऑपरेशन म्हणजे हेच का?

हेच नाही. तिथे लिंग कापून टाकत नाहीत, त्याच्या कातडीतून योनी बनवतात आणि टोकाच्या नसांसकट छोट्या भागातून क्लिटोरिस, म्हणजे संवेदना राहते. अंडकोश काढतात म्हणून नंतर हार्मोन आयुष्यभर घ्यावे लागतात. काहींना योनी नको असते, फक्त काढायचं असतं, तसंही करतात. आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून मूल्यमापन होतं. हा आजार म्हणून नाही, त्या व्यक्तीच्या स्वतःच्या ओळखीसाठी केलेला उपचार आहे.

हिजडा समाजात ह्याला निर्वाण म्हणतात आणि अजूनही काही ठिकाणी भूल न देता, अनोळखी हातानं ते होतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवी कायमची अडणं, जीव जाणं, सगळं त्यात आलं. सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या केसमधल्या) निकालात स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केलाय, त्यामुळे ओळख सिद्ध करायला असं कुठेही जाऊन कापून घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी ह्या विचारात असेल तर कृपा करून हॉस्पिटलमध्येच करा.

नवीन लिंग बसवता येतं का?

बनवता येतं. हाताच्या पुढच्या भागाची कातडी, तिच्या रक्तवाहिन्या आणि नसा घेऊन नळीसारखं गुंडाळून जोडतात, ही पद्धत १९८४ मध्ये चीनच्या डॉक्टरांनी मांडली. मांडीच्या कातडीचं पण करतात. ताठरता आपोआप येत नाही, त्यासाठी नंतर आत इम्प्लांट घालावं लागतं. दोन-तीन ऑपरेशनं, हातावर कायमचा मोठा व्रण, लघवीच्या नळीला गळती. कॅन्सरमध्ये लगेच करत नाहीत, काही काळ आजार परत आला नाही हे बघून मग.

दुसऱ्याचं बसवणं, म्हणजे ट्रान्सप्लांट, जगात मोजक्याच वेळा झालंय. चीनमध्ये ग्वांगझूला पहिलं झालं पण पेशंट आणि त्याच्या बायकोला मानसिक त्रास झाला म्हणून दोन आठवड्यांत काढून टाकलं. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर २०१४ ला केपटाऊनजवळच्या टायगरबर्ग हॉस्पिटलमध्ये झालेलं यशस्वी ठरलं, तो २१ वर्षांचा मुलगा होता, सुंता बिघडून त्याचं लिंग गेलं होतं. २०१६ मध्ये बॉस्टनला एका कॅन्सरच्या पेशंटला बसवलं. शरीरानं दुसऱ्याचा अवयव नाकारू नये म्हणून आयुष्यभर गोळ्या लागतात. बाबांच्या वयाच्या माणसानं ह्याच्या मागे लागावं असं मला वाटत नाही.

ठाणे-नवी मुंबईतून कुठे जायचं? पैशांचं काय?

परळचं टाटा मेमोरियल सगळ्यांना माहीत असतं, पण टाटाचंच दुसरं केंद्र खारघरला आहे, ॲक्ट्रेक. ठाण्याहून पनवेलची ट्रान्सहार्बर पकडली की थेट खारघर स्टेशन, परळच्या गर्दीत पेशंटला न्यायच्या आधी तिथे चौकशी करा. बाहेर बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून स्लाईड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या, ते परत तपासतात. आम्ही रिपोर्टच घेऊन गेलो आणि ब्लॉकसाठी परत ठाण्याला आलो, एक दिवस गेला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, रेशनकार्ड आणि आधार लागतं, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे आधी जा, बिल झाल्यावर नाही. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सर पेशंटला जाता येतं, कागद सोबत ठेवा. आजार कुठला ते डब्यात कोणाला सांगायची गरज नाही.

मुलांना होऊ नये म्हणून काय करायचं?

लहान बाळाची चामडी जोरानं मागे ओढू नका, ती चिकटलेलीच असते आणि वाढत्या वयात आपोआप सुटते, ओढून फाटली तर व्रण पडून कायमची अडकते. सुटल्यावर मुलाला आंघोळीत मागे करून नुसत्या पाण्यानं धुवायला आणि परत पुढे घ्यायला शिकवा. हे बापानं शिकवायचं काम आहे. मला कोणी शिकवलं नव्हतं, बाबांना पण नाही. वयात आल्यावरही मागे जात नसेल तर दाखवा. एचपीव्हीची लस मुलांना पण देतात, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, मुलांच्या डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडा.

परत येतो का?

येऊ शकतो, त्याच जागी किंवा जांघेत, जास्त करून पहिल्या दोन-तीन वर्षांत. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी तपासणी असते. मधल्या काळात आंघोळ करताना साबणाच्या हातानं दोन्ही जांघा आणि ऑपरेशनची जागा चाचपायची, काही नवीन लागलं तर तारखेची वाट न बघता जायचं. बाबा आता हे स्वतः करतात, बाहेर आले की आईला "काही नाही" एवढंच सांगतात, आणि कालनिर्णयवर पुढच्या तपासणीच्या तारखेला लाल पेनानं गोल करून ठेवतात.